ती न देणे

“पण बुवा, रिकाम्या जागेत असतं तरी काय?” श्रीरंगने विचारले.

निरंजनबुवा मठाच्या दवाखान्यातल्या संगणकासमोर बसले होते. मठात येण्याआधी त्यांचे आयुष्य प्रोग्रॅम लिहिण्यात गेले होते. श्रीरंग त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

डॉक्टरांच्या सूचना घाईत टाइप होत आणि शब्द तुटत. ‘सका ळी’, ‘दुपा री’. श्रीरंगच्या नव्या प्रोग्रॅमने असे एकटे पडलेले प्रत्येक अक्षर शेजारच्या शब्दाला जोडून टाकले होते.

“केर होता, झाडून काढला,” तो म्हणाला. “छापलेले कागद वॉर्डात गेलेसुद्धा.”

“मला न दाखवता?”

“रिकाम्या जागा काय दाखवायच्या, बुवा?”

बुवा पडद्यावरच्या ओळी वाचत राहिले. एका ओळीशी त्यांचे बोट थांबले.

“हे वाच. मोठ्याने.”

“यमुनाबाई गावकर. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. दुपारी ऑपरेशन. तीन देणे.”

“आता मूळ सूचना उघड.”

श्रीरंगने उघडली.

‘ती न देणे.’

त्याने फोन ओढला. पलीकडे घंटा वाजत राहिली… वाजत राहिली…

“सिस्टर! यमुनाबाईंना गोळ्या दिल्या?”

“देतेच आहे. पाण्याचा पेला हातात आहे त्यांच्या. तीनच ना? त्या विचारतायत, एवढ्यानं पोट भरायचंय का माझं?”

“देऊ नका! एकही नको. ते सगळे कागद काढून घ्या, सिस्टर. सगळे. जुन्यावरूनच चाला.”

पलीकडून पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“घेतल्या नाहीत,” सिस्टर म्हणाल्या.

श्रीरंगने फोन ठेवला.

“चुकलो, बुवा. आता नियम सांगा. कुठली जागा काढायची, कुठली ठेवायची?”

“हे बघ, श्रीरंगा. ओळीच्या टोकाला असेल ती…”

“काढायची.”

“आणि दोन शब्दांच्या मध्ये…”

“ठेवायची! पण तुटलेल्या शब्दातली? ती कशी ओळखायची?”

“ती…”

“बोला ना, बुवा! असे मध्येच गप्प का होता?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिले.

“सांगतच होतो. तीही जागा तू खोडलीस.”