पुलावरच्या पांढऱ्या रेघा

एका नदीकाठच्या गावात दोन भाऊ होते, दोघेही मिस्त्री. नदीवरचा लोखंडी पूल त्यांनीच जोडलेला. दरवर्षी सुगी आटोपली, की थोरला पाना घेऊन पुलावर जायचा आणि एकेक बोल्ट पुन्हा आवळायचा. चार दिवस मोडायचे त्यात.

पुढे थोरल्याचे गुडघे धरले आणि हे काम धाकट्याकडे आलं. धाकटा हुशार. त्याने सगळे बोल्ट एकदा आवळले आणि प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली.

"दादा, आता पाना कशाला? नट फिरला तर रेघ तुटेल. रेघ सरळ, म्हणजे बोल्ट घट्ट."

थोरला म्हणाला, "अरे, लोखंडही हळूहळू बसतं. पत्र्यांच्या मधला रंग दबतो. नट जागचा हलत नाही, तरी आतला ताण जातो. हात लावल्याशिवाय कळायचं नाही रे ते."

"तू आपला जन्मभर लोखंडाचे पाय चेपत बस!" धाकटा हसला.

थोरलाही हसला. भांडायचा स्वभावच नव्हता त्याचा.

तीन वर्षं धाकटा नुसत्या रेघा बघून घरी आला. सगळ्या रेघा सरळ होत्या.

चौथ्या वर्षी थोरला पलीकडच्या गावी लेकीला भेटायला निघाला. पुढे उसाची गाडी होती. गाडी मधोमध आली, तसा पूल थरथरला आणि एक सांधा सुटला. बैलांनी गाडी कशीबशी पार नेली. मागच्या थोरल्याला मात्र त्या गुडघ्यांनी पळता आलं नाही. तो खाली खडकावर पडला, तो उठलाच नाही.

धाकट्याने शेजारच्या सांध्याला पाना लावून पाहिला. रेघ सरळच होती, आणि नट लोण्यात फिरावा तसा फिरला.

तेरावं झालं. वहिनीने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"वहिनी, मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

"काय बोलू भाऊजी? त्या दिवशी मी म्हटलं, पूल धड आहे ना, बघून जा. तर म्हणाले, धाकट्याने बघितलाय, मी कशाला बघू?"

धाकट्याच्या हातातला घास हातातच राहिला.

तात्पर्य: एकदा घट्ट केलेलं कायम घट्ट राहत नाही. आपल्या भरवशावर कुणी पाऊल टाकणार असेल, तर नुसतं बघू नये, वेळच्या वेळी हात लावून पाहावं.