इंदुमतीचे पिवळे विमान

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मुकुंदराव सोनटक्के नावाचे घड्याळजी राहत. हात असा स्थिर, की बंद पडलेले घड्याळ त्यांच्याकडे गेले आणि चालू होऊन आले नाही, असे क्वचितच घडे. त्यांना नाद एकच होता, प्लास्टिकची छोटी विमाने जोडण्याचा. मुंबईहून कोणी येणार असले की ते खोका मागवून घेत. खोक्यात विमानाचे सुटे भाग असत, ते कसे जोडायचे आणि कुठे कोणता रंग द्यायचा याचा छापील कागद असे. मुकुंदराव त्या कागदाबाहेर रेसभरही जात नसत. पंखाला पंख जुळला, तरी भिंग डोळ्याला लावून फट शोधत. सापडली की घासून पुन्हा जोडत. बैठकीतल्या काचेच्या कपाटात अशी एकतीस विमाने उभी होती. लांबून लोक ती पाहायला येत.

त्यांच्या पत्नीचे नाव इंदुमती. मूलबाळ नव्हते. संध्याकाळी मुकुंदराव विमान घेऊन बसले, की ती शेजारी भाजी निवडत बसे. ते नुसता हात पुढे करत आणि ती नेमका चिमटा किंवा कानस त्यांच्या हातावर ठेवी. अशी सव्वीस वर्षे गेली. आपणही एखादे विमान करावे असे तिला वाटते का, हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

एकदा मुंबईहून दोन खोके आले. त्यातल्या लहान खोक्यावर एका इंजिनाचे, जाड पंखांचे विमान होते. इंदुमतीने तो खोका हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"अहो, हे मी करू?"

मुकुंदराव हसले. "कर की. सोपं आहे ते."

ती दुपारी, ते दुकानात असताना, विमान जोडू लागली. बोटांना गोंद लागे, भाग वाकडे बसत. एक चाक किंचित बाहेर गेले. पण तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला तो रंगाला. छापील कागदावर करडा रंग लिहिला होता. तिने पिवळा घेतला. बाटलीच्या झाकणात थोडा पांढरा मिसळला, टिपूसभर तांबडा मिसळला, काडीने ढवळून उन्हात नेऊन पाहिला, पुसून टाकला आणि पुन्हा केला. चौथ्या दिवशी तिला हवा तो रंग मिळाला.

त्याला कारण होते. इंदुमतीचे माहेर वऱ्हाडातले, कपाशीच्या गावातले. ती सहा वर्षांची असताना एकदा गावावर पिवळे विमान आले होते. ते कपाशीवर औषध फवारत अगदी खालून गेले. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर बसवले आणि बांधाबांधाने त्या विमानामागे ते धावत सुटले. वडील अबोल, रागीट होते. त्या दिवशी मात्र ते मोठमोठ्याने हसत होते आणि तिला खांद्यावरून त्यांचे हसणे अंगभर जाणवत होते. त्याच थंडीत ते गेले. त्यांचा फोटो नव्हता. चेहराही पुढे तिला नीट आठवेना. आठवत होते ते एवढेच, पिवळे विमान आणि ते हसणे.

विमान झाल्यावर तिने ते मुकुंदरावांपुढे ठेवले. त्यांनी भिंग लावून पाहिले. चाक वाकडे होते. पंखाच्या सांध्यातून गोंद बाहेर आला होता. विमानचालकाच्या जागेवरच्या इवल्या काचेवर बोटाचा ठसा उमटला होता. आणि रंग तर भलताच.

"छान आहे," ते म्हणाले.

इंदुमतीने ते कपाटात अगदी पुढे ठेवले. रोज सकाळी केर काढताना ती क्षणभर तिथे थांबे.

मुकुंदरावांना मात्र कपाटाकडे पाहिले की ते चाकच दिसे. पाहुणे आले की ते अस्वस्थ होत. लोक आपल्या बायकोला हसतील, असे त्यांना वाटे. पुढे इंदुमती भाचीच्या लग्नाला आठ दिवस गेली. तेव्हा त्यांनी ते विमान खाली काढले. सांधे उकलले. पिवळा रंग खरवडला, पॉलिश पेपरने घासला, सुईच्या टोकाने फटीफटीतून काढला. चाक सरळ केले. काच घासून लख्ख केली. मग कागदाबरहुकूम करडा रंग दिला. काम फार सुरेख झाले. तिला किती आनंद होईल, या विचाराने ते मनाशी गुणगुणत होते.

इंदुमती परत आली. पिशवी खाली ठेवण्याआधीच तिची नजर कपाटाकडे गेली.

"माझं विमान कुठे आहे?"

"हे काय, समोरच आहे. जरा सुधारलं."

ती जवळ गेली. "माझं पिवळं होतं."

"अगं, या जातीचं विमान पिवळं नसतंच. कागद बघ हवा तर."

"मी पाहिलेलं पिवळं होतं."

कुठे पाहिले, कधी पाहिले, हे त्यांनी विचारायला हवे होते. ते म्हणाले, "तुझी काहीतरी चूक होत असेल." इंदुमती पिशवी तशीच घेऊन आत गेली आणि तिने कुकर लावला.

पुढच्या आठवड्यात शाळेचे हेडमास्तर कोरगावकर विमाने पाहायला आले. करड्या विमानापाशी थांबून ते म्हणाले, "वहिनींनी केलेलं ते हेच का? कमाल आहे!"

"नाही," इंदुमती म्हणाली. "ते त्यांचंच आहे."

मुकुंदरावांना तो बायकोचा विनय वाटला.

त्यानंतर ती संध्याकाळी भाजी निवडायला पुढच्या ओट्यावर बसू लागली. मुकुंदरावांच्या हे लक्षातही आले नाही. एके दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. हात तसाच राहिला. वर पाहिले तर शेजारी कोणी नव्हते.

त्यांनी तिच्यासाठी नवा खोका मागवला. ती म्हणाली, "राहू द्या. तुम्हीच करा. तुमच्याकडून नीट होतं." आवाजात राग नव्हता. त्यामुळे त्यांना वाटले, हिची हौस फिटली.

दोन वर्षांनी पौषात इंदुमतीला ताप भरला. छातीत कफ झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. मुकुंदराव उशाशी बसून म्हणाले, "बरी हो. मग आपण दोघं मिळून एक विमान करू."

"बघू," ती म्हणाली.

ती घरी आली नाही.

तेराव्याला तिचा धाकटा भाऊ वामन आला. दिवस झाले, माणसे पांगली. वामन कपाटासमोर उभा राहून शोधू लागला.

"काय बघतोस?" मुकुंदरावांनी विचारले.

"भाऊजी, ताईनं केलेलं विमान कुठे आहे? मागं तिचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं, बाबांचं पिवळं विमान मी केलंय, कपाटात पुढंच ठेवलंय."

"बाबांचं?"

मग वामनने ताईकडून ऐकलेले सगळे त्यांना सांगितले. कपाशीवरचे विमान, बांधावरून धावणे, वडिलांचे हसणे. वामन म्हणाला, "ताई तुम्हाला कधी बोलली नाही?"

"मी विचारलं नाही," मुकुंदराव म्हणाले.

वामन गेल्यावर त्यांनी ते विमान खाली घेतले आणि ते करडा रंग उतरवायला लागले. खाली कुठेतरी पिवळा असेल, निदान एखाद्या फटीत तरी असेल, अशी आशा होती. भिंग लावून त्यांनी कोपरा न् कोपरा पाहिला. पण त्यांनीच तो काढला होता आणि त्यांचे काम कधी अर्धवट नसे. पिवळ्याचा एक कण उरला नव्हता. हाती आले ते नुसते पांढरे प्लास्टिक.

मग त्यांनी पिवळ्याच्या बाटल्या काढल्या. एका झाकणात पांढरा जास्त घातला, एकात तांबडा जास्त. अकरा झाकणे समोर मांडली. त्यांतला कुठला तिचा होता? तो रंग दोन महिने त्यांच्या कपाटात होता, पण त्यांनी पाहिले होते ते फक्त चाक. त्यांनी वामनला पत्र लिहिले. उत्तर आले, "भाऊजी, मी तेव्हा पाळण्यात होतो. मला कसं ठाऊक असणार? ते ताईलाच माहीत."

मुकुंदरावांनी झाकणे पुसली आणि विमान तसेच, पांढरे, कपाटात ठेवून दिले.

वर्षभराने हेडमास्तर पुन्हा आले. इतकी रेखीव विमाने आणि त्यांत हे एकच बिनरंगाचे पाहून त्यांना नवल वाटले.

"मुकुंदराव, हे अर्धवट कसं सोडलंत तुम्ही?"

मुकुंदरावांनी कपाटाचे दार लावले.

"रंग विचारायचा राहिला," ते म्हणाले.

तात्पर्य: आपल्या माणसाने केलेले काम सुधारायला घेण्याआधी त्याने ते तसे का केले, हे त्याला विचारावे. चूक मागाहूनही दुरुस्त करता येते; पण उत्तर देणारे माणूस मागाहून असेलच असे नाही.