उघड्या डोळ्यांचा राजा

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, सुकेतू नावाचा राजा होता. त्याने कालदंष्ट्र मांत्रिकाला हद्दपार केले, तेव्हा मांत्रिक म्हणाला, "तुझे डोळे उघडे राहतील, पण पाहणारा तू नसशील."

तसेच झाले. राजा चाले, जेवे, सिंहासनावर बसे. पण आत कुणी नव्हते. कालदंष्ट्र परतला आणि राजाच्या कानाशी लागला. तो सांगे ते राजा करी.

राणी वेत्रवतीच्या एक गोष्ट ध्यानात आली. दुपारी डोळा लागला की राजा झोपेत बोले, आणि तो आवाज खरोखर तिच्या नवऱ्याचा असे. तिने बागेतल्या म्हाताऱ्या भारद्वाज पक्ष्याला उपाय विचारला.

पक्षी म्हणाला, "मेंदूत एकच ज्योत असते, राणी. जागेपणी ती बाहेरचे जग उजळते, स्वप्नात आतले. मांत्रिकाने बाहेरची खिडकी बुजवली आहे. तीन दुपारी राजाला झोपेत गाठ. त्याच्या हातून काय घडले ते सांग. तिन्ही वेळा 'मी केले' म्हणाला, तर खिडकी उघडेल, आणि बुजवणाऱ्याची ज्योत विझेल. एकदा जरी नाकारले, तर कायमची बुजेल."

पहिल्या दुपारी राणी म्हणाली, "महाराज, आपण सात गावे जाळलीत."

राजा झोपेत कण्हला. "मला ठाऊक नाही. पण हात माझेच ना? मी केले."

दुसऱ्या दुपारी ती म्हणाली, "वृद्ध प्रधानांना आपण सुळी दिलेत."

"त्यांनी मला अक्षरे शिकवली," राजा म्हणाला. मग बोटाने उशीवर एक अक्षर गिरवून म्हणाला, "मी केले."

तिसऱ्या सकाळी राजकन्या पद्मगंधा मांत्रिकाच्या आडवी गेली. राजाने नुसती मान हलवली, आणि तिचे मस्तक धडावेगळे झाले.

दुपारी राजा झोपेत हसत होता. "वेत्रवती, पाहा! पद्मगंधा माझ्यापुढे घोड्यावर बसली आहे. एवढीशी आहे."

राणीला वाटले, या सुखातून त्याला ओढून काढायचे? मग तिला बाहेर चितेची लाकडे पडल्याचा आवाज आला.

"ती आपल्या मनाने रचलेली आहे, महाराज. आपली लेक चितेवर आहे. आपण तिला मारलेत."

राजाचे हसू ओठांवरच राहिले. घोडा थांबला असावा.

"मी केले," तो म्हणाला, आणि किंचाळत जागा झाला.

त्याच क्षणी दरबारात कालदंष्ट्र उघड्या डोळ्यांनी विझला.

बंदिशाळा उघडल्या, सूळ उपटले गेले. राजाने मुकुट राणीच्या ओंजळीत ठेवला. "राज्य तू कर. मला चितेपाशी जाऊ दे."

"जा," राणी म्हणाली. ती त्याच्यामागे गेली नाही. डोळे पुसून सिंहासनावर बसली, आणि जळालेल्या गावांतली माणसे तिने एकेक करून आत बोलावली.