काठाजवळचा चिखल

“मग उरलेले तीन किलो का जात नाहीत, बुवा?”

गंगागीर बुवा चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शशिकला निंबाळकर बाईंना हे मुळीच आवडलं नाही. तालुक्याच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका. बाईंनी शिट्टी मारली की मैदानावरची पाखरंसुद्धा रांगेत उभी राहतात, असं पोरं म्हणत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर न देण्याची हिंमत आजवर दोघांनीच केली होती. एक हे बुवा... आणि दुसरा तो मेला वजनकाटा.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय की. हात मोकळं न्हाईत, कान मोकळं हाईत. बोल.”

बाई बोलल्या. धाकट्या भावाची, मुरलीची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत तो दिवस ढकलत होता. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, पण जुळली ती फक्त ताईच. बाईंनी तिथल्या तिथे पदर खोचला. डॉक्टरांनी मात्र त्यांचं वजन पाहिलं आणि हात जोडले. आधी हे उतरवा, म्हणाले, नाहीतर वाचवायला जावं एकाला आणि जीवावर बेतायचं दुसऱ्याच्या.

मग काय, बाई हट्टाला पेटल्या. भात सुटला, साखर सुटली, पहाटे मैदानाला फेऱ्या सुरू झाल्या. वजन असं भराभर उतरलं, की ब्लाउज आत घेता घेता शिंप्याने हात टेकले. आणि आता अगदी दाराशी येऊन काटा जो अडला, तो अडलाच.

“मग काय केलंस?” बुवांनी विचारलं.

“सकाळची भाकरी अर्धी केली. नंतर तीही सोडली. संध्याकाळीसुद्धा फेऱ्या घालते.”

“आन् काटा?”

“तिथंच.”

“डाक्तर काय म्हनत्यात?”

बाईंनी नाक मुरडलं. “दवाखान्यात एक आहाराची मुलगी आहे. कालपरवा कॉलेजातून सुटलेली. मला म्हणते, थोडं जास्त खा, फेऱ्या कमी करा, वजनं उचला, नीट झोपा. खायला सांगते हो मला! ज्यानं एवढं उतरलं, ते दुप्पट करायचं की सोडून द्यायचं?”

बुवांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“जेवून जा,” ते म्हणाले.

कृष्णेच्या पात्रातल्या बुवांच्या बेटाचे नेम दोनच. येणाऱ्याने होडी स्वतः वल्हवायची, आणि उपाशी परतायचं नाही.

“पहिला नेम पाळला,” बाई म्हणाल्या. “दुसरा जमायचा नाही.”

“बरं...”

बुवांनी भाकरी, कांदा आणि खर्डा फडक्यात बांधला, गाठोडं काखेत मारलं आणि बाईंना काठावर पोचवायला निघाले. बाईंना वाटलं होतं, एवढ्या लांबून आलो तर एखादा मंत्र मिळेल, निदान एखादा पाला. गाठोड्याकडे बघून त्यांच्या मनात आलं, म्हातारा नुसता भाकऱ्या भाजणारा निघाला.

बेटाच्या बाजूला दगडी घाट आहे आणि पायरीशीच खोल पाणी. होडी सहज सुटली. बाईंनी वल्हं हातात घेतलं, बुवा समोर पाय पसरून बसले.

आता बाईंचं वल्हवणं बघण्याजोगं होतं, हे कबूल करायलाच हवं. मधल्या धारेला ओढ होती, तरी त्यांनी होडीचं तोंड तसूभर वळू दिलं नाही. भुकेने पोटात कावळे ओरडत होते, पण हात थांबले नाहीत. काठ जवळ आला. काठावरच्या बाभळीचे काटेसुद्धा दिसू लागले...

खर्र.

वल्हं चिखलात रुतलं. होडी थांबली.

बुवा हसले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हसताय काय?”

बुवा तसेच पाय पसरून बसून राहिले.

बाईंनी वल्हं उपसलं आणि दुप्पट जोराने मारलं. होडी जागच्या जागी गर्रकन फिरली. पुन्हा मारलं. पाणी गढूळ झालं, तळहाताला फोड आले, लुगड्यावर चिखल उडाला. होडी काही पुढे सरकेना. मैदानावर साऱ्या तालुक्याला पळवणारी बाई त्या वीतभर पाण्यात घामाघूम झाली.

मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई मटकन खाली बसल्या.

“काठ इथं समोर आहे हो, बुवा...”

एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. कित्येक महिन्यांचं साठलेलं रडू होतं ते.

“मुरली वाट बघतोय माझी. आई गेल्यावर मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. जन्मात कशाला हार गेले नाही, आणि नेमकं त्याच्या वेळेला माझं अंगच माझं ऐकत नाही. काय करू आता? अजून काय सोडू?”

पाणी होडीला चुळूकचुळूक लागत होतं. बुवांनी फडकं सोडलं आणि भाकरी बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं... आणि खाल्ली. आधी घाबरत, मग सावकाश, मग कांदासुद्धा दाताने फोडून.

बुवांनी आता पाय जवळ घेतले. त्यांच्या पायाखाली, होडीच्या तळाशी, एक लांब बांबू आडवा पडला होता. सकाळी बाईंना न्यायला काठावर आलेल्या बुवांनी होडी या चिखलातून त्याच बांबूने सोडवली होती आणि मगच वल्हं बाईंच्या हाती दिलं होतं. बाई तेव्हा बोलण्याच्या नादात होत्या.

“हा मघापासून इथंच होता?”

“व्हय.”

“मग सांगायचं होतंत!”

“तुझं हात मोकळं न्हवतं, पोरी.”

बाई उभ्या राहिल्या. बांबू चिखलात खुपसला आणि सवयीप्रमाणे जीव खाऊन रेटला. होडीने असा हिसका दिला, की बाई पाण्यात पडता पडता वाचल्या.

“दमानं,” बुवा म्हणाले. “टेकव. रेट... आता थांब. ती येतीया.”

“किती थांबू?”

“येईल तवर.”

बाईंना थांबणं ठाऊक नव्हतं. तरी थांबल्या. होडी बोटभर सरकली. टेकवलं, रेटलं, थांबल्या. पुन्हा बोटभर. फेस नाही, आवाज नाही, बघणाऱ्याला वाटावं की काही चाललेलंच नाही. पण थोड्या वेळाने होडीचं नाक बाभळीच्या मुळांना येऊन टेकलं.

बाई काठावर उतरल्या, तोच फोन वाजला.

“ताई, जेवलीस का?”

मुरली हे रोज विचारायचा, आणि रोज बाई त्याच्याशी खोटं बोलायच्या.

“जेवले रे. भाकरी खाल्ली.”

“खरंच?”

“अगदी खरंच. आणि ऐक, त्या आहाराच्या मुलीचा नंबर पाठव मला.”

“तिच्यावर तर तू खवळली होतीस!”

“पाठव म्हणते ना!”

फोन ठेवून बाई वळल्या. बुवांनी होडीचं तोंड बेटाकडे फिरवलं होतं.

“बुवा, एक विचारू? तिथं होडी अडली तेव्हा माझा जीव चालला होता. आणि तुम्ही हसलात.”

“हसलो की.”

“का?”

बुवांनी बांबू टेकवला. होडी काठापासून हळूच सुटली.

“वल्हं चिखलाला लागलं, म्हनून हसलो.”

“त्यात हसण्यासारखं काय होतं?”

होडी थोडी लांब गेली. बुवांनी बांबू खाली ठेवला, वल्हं उचललं...

“मधल्या धारंत कधी लागतं का, पोरी?”