चौकशीची रिकामी खुर्ची

आमरसाच्या कारखान्यातले मॅनेजर खांबेटेसाहेब म्हणजे उठता-बसता नियमावर बोट. डबे भरणारी कस्तुरा चक्कर आली म्हणून घटकाभर भिंतीला टेकली, तर "कामावर झोपली" अशी नोटीस तिच्या हातात! तक्रार साहेबांची, साक्ष साहेबांची, आणि चौकशीच्या खुर्चीतही साहेबच. कस्तुराला नोकरी गेल्यातच जमा वाटली. चौकशीला सोबत एक सहकारी आणायची मुभा होती, म्हणून तिनं सुंदरामावशींना आणलं.

"कारणं सांगू नका. नियम म्हणजे नियम!" साहेब सगळ्यांदेखत गरजले.

"खरंय साहेब," मावशी म्हणाल्या. "हाक येईपर्यंत साक्षीदारानं बाहेर थांबायचं, हाही नियमच ना? साक्षीदार कोण?"

"मीच!"

"मग थांबा की बाहेर."

साहेब आपल्याच शब्दात अडकले. खुर्ची सोडून बाहेर गेले. बराच वेळ झाला तशी त्यांनी दारातून मान आत घातली. "मला हाक कोण मारणार?"

मावशींनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "चौकशी करणारे साहेब. ते आले की मारतील."

साहेबांनी नोटीस त्याच दिवशी मागे घेतली. कस्तुरा मावशींच्या पाया पडायला वाकली.

"माझ्या कसल्या पडतेस? त्या नियमांच्या पड," मावशींनी फाटकाजवळ टांगलेली नियमांची चौकट दाखवली.

कस्तुरानं पदरानं तिची काच पुसली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.