कुंडीआडची कुजबुज

फार पूर्वी, पडद्यावरची चित्रं नुकतीच बोलायला लागली होती त्या दिवसांत, एका गावात एक नाटक कंपनी होती. तिचं एकच नाटक गाजलेलं. त्यात एक इनामदार होता आणि एक गिरणीवाला. इनामदाराच्या घरासमोरच्या टेकडीवर गिरणीवाल्याला धुराडं उभारायचं असतं. एक म्हणतो, "ही सात पिढ्यांची जमीन आहे." दुसरा विचारतो, "आणि सात पिढ्या तिच्यावर राबलं कोण?" शेवटी इनामदार जिंकतो, पण गिरणीवाल्याचं घर उद्ध्वस्त करून. मग तो प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, "आम्ही जिंकलो. पण ज्या हातांनी जिंकलो, ते माझेच का?" या वाक्याला थिएटर गहिवरून जायचं.

इनामदाराचं काम रावसाहेब करत. ते खरोखरच एका इनामदार घराण्यातले होते. इनाम गेलं होतं, ऐट राहिली होती. गिरणीवाल्याचं काम येसबा करी. तो मुळात पडदे ओढायला म्हणून कंपनीत आला होता. ऐकून ऐकून त्याला सगळं नाटक पाठ झालं, आणि एकदा गिरणीवाला करणारा नट आजारी पडला तेव्हा येसबा उभा राहिला तो राहिलाच.

पुढे पुढे टाळ्या येसबाला जास्त पडू लागल्या. रावसाहेबांच्या ते मनाला लागलं.

"काय येसबा, आज दोरी ओढायची विसरलास वाटतं," ते सर्वांसमोर म्हणत.

"विसरलो नाही रावसाहेब," येसबा हसून म्हणे. "हात शिवशिवतात अजून. तुमच्या भाषणात ओढू का?"

नाटकवाल्यांची एक जुनी खोड असते. समोरचा नट फार रंगला, की त्याच्याजवळून जाताना कानात हळूच काहीतरी बोलायचं. पहिल्या रांगेलाही ते ऐकू जात नाही, पण बोलणाऱ्याची लय तुटते. रावसाहेब या विद्येत तरबेज होते. येसबाच्या खांद्यावर हात ठेवून ते कानाशी पुटपुटत, "मिशी सुटली बघ," नाहीतर, "तुझी बायको तिसऱ्या रांगेत घोरतेय." येसबा अडखळे. मग विंगेत जाऊन दोघेही हसत.

कंपनीच्या मालकांनी त्या नाटकाचा बोलपट काढायचं ठरवलं. गावाबाहेर मांडव पडला, शहरातून यंत्रं आली. ध्वनिमुद्रक कानांना डबे लावून बसे. आवाज टिपणारा मायक्रोफोन शेवंतीच्या कुंडीआड लपवला होता. तिथे जो बोलेल त्याचा आवाज फितीवर उतरायचा, आणि एकदा उतरला की पुसता येत नव्हता. चुकलं तर सबंध प्रवेश पुन्हा करायचा, एवढाच उपाय.

रावसाहेबांना यंत्राची सवय होईना. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी घडलेला. यंत्राला तो कर्कश वाटे. येसबाचा साधा, जरा घोगरा आवाज मात्र यंत्राने लगेच आपलासा केला. शेवटच्या प्रवेशात रावसाहेब सहा वेळा चुकले. सातव्या वेळी येसबा इतका सुरेख बोलला, की मांडवातले सुतारसुद्धा हातातला रंधा थांबवून बघत राहिले.

रावसाहेब ठरल्याप्रमाणे त्याच्या मागून निघाले. कुंडीपाशी आल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी पुटपुटले, "सगुणा जत्रेत टाकलेली पोर आहे, हे सांगू का तिच्या सासऱ्याला?"

सगुणा म्हणजे येसबाची मुलगी. अठरा वर्षांपूर्वी कंपनी एका जत्रेत गेली असताना येसबाला चिंचेखाली फडक्यात गुंडाळलेलं बाळ सापडलं होतं. तेव्हा सोबत फक्त रावसाहेब होते, आणि हे कुणाला सांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली होती. येसबाच्या बायकोशिवाय आणखी कुणालाच, अगदी सगुणेलाही, ते ठाऊक नव्हतं. येत्या महिन्यात तिचं लग्न होतं.

येसबाचा चेहरा पांढरा पडला. शब्द विसरून तो खुर्चीत कोसळला. आणि रावसाहेब वळले व एका दमात आपलं वाक्य बोलले. असं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. आवाज खाली आला होता आणि शेवटी किंचित कापला होता.

"वा!" दिग्दर्शक ओरडला. "दोघेही, वा!"

ध्वनिमुद्रकाने कानांचे डबे काढले. "मधे काहीतरी कुजबुज आलीय. शब्द कळले नाहीत. पुन्हा घेऊ या?"

"रावसाहेब, तुम्ही बोललात का काही?" दिग्दर्शकाने विचारलं.

येसबा खुर्चीतून बघत होता. त्याला तोंड उघडता येत नव्हतं. उघडलं तर गुपित त्याच्याच तोंडून बाहेर आलं असतं. रावसाहेबांनी ती नजर पाहिली. तसा आवाज पुन्हा लागणार नाही, हेही त्यांना कळत होतं. शिवाय पहिल्या रांगेलाही जे ऐकू जात नाही, ते कुंडीआडच्या एका डबीला काय ऐकू जाणार!

"छे," ते म्हणाले. "शेला सळसळला असेल."

फीत तपासायला लावली, त्या खोलीतला कर्णा लहान होता. त्यातून नुसती खरखर ऐकू आली, आणि ती कुणी मनावर घेतली नाही.

पहिल्या खेळाला सारा गाव लोटला. येसबाच्या एका बाजूला सगुणा होती, दुसऱ्या बाजूला तिचे होणारे सासू-सासरे. पडद्यामागे बैलगाडीच्या चाकाएवढे कर्णे लावले होते. शेवटचा प्रवेश आला. पडद्यावरच्या रावसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला, आणि ती कुजबुज सगळ्या थिएटरभर घुमली. एकेक अक्षर स्पष्ट.

सासरे उठले. सासू त्यांच्यामागे गेली. सगुणा पडद्याकडेच बघत बसली. मग तिने विचारलं, "बाबा, मी कुणाची?"

"माझी," येसबा म्हणाला.

लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब येसबाच्या दारात उभे राहिले. पायांतल्या वहाणा त्यांनी रस्त्यातच काढल्या होत्या.

"येसबा, मला माफ कर."

"मला तर सारं ठाऊकच होतं, रावसाहेब," येसबा म्हणाला. "माफी मागायची असेल तर तिची मागा."

सगुणा बाहेर आली. तिचा आवाज शांत होता. "माफ केलं, काका. पण आज तीन वाजता पडद्यावर तुम्ही ते पुन्हा बोलणार आहात. आणि मग सहा वाजता. उद्या पुन्हा."

रावसाहेब तडक मालकांकडे गेले. प्रवेश पुन्हा करू म्हणाले, हवं तर फुकट करू म्हणाले. पण मांडव उतरला होता, यंत्रं शहरात परत गेली होती, आणि फिती पेट्यांत भरून पाच गावांना एकामागून एक जायच्या होत्या. निदान या पेट्यांबरोबर मला जाऊ द्या, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं.

तीन वाजता ते थिएटरच्या यंत्रघरात जाऊन बसले. शेवटच्या प्रवेशात त्यांनी आवाज बंद करायची कळ दाबून धरली.

"अहो, कुजबुजीला लागूनच तुमचं भाषण आहे," यंत्रवाला म्हणाला. "तेही जाईल."

"जाऊ दे."

पडद्यावर इनामदाराचे ओठ हलू लागले. खालून शिट्ट्या आल्या, कुणी ओरडलं, "आवाज! आवाज!" रावसाहेबांनी कळ सोडली नाही. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाक्य मुकं होऊन पडद्यावरून निघून गेलं. पुढे प्रत्येक गावात, प्रत्येक खेळाला, ते असंच जात राहिलं. सगुणेचं मोडलेलं लग्न मात्र त्याने जुळलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वर्मावर घाव घालून मिळवलेला विजय सोडून दिला, तरी बोललेलं परत येत नाही. म्हणून "पुन्हा घेऊ या?" असं कुणी विचारतं, तेव्हाच आपल्या कौतुकावर पाणी सोडून "हो" म्हणावं.