साळुंकीचा निरोप

फार जुनी गोष्ट. एका रानातल्या तळ्याचं पाणी नासलं आणि जनावरं आजारी पडू लागली. म्हातारं कासव साळुंकीला म्हणालं, "सगळ्यांना सांग, हे पाणी पिऊ नका. टेकडीवरच्या झऱ्याचं प्या."

साळुंकीने घसा बसेपर्यंत तेच सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावरच! ती चक्रावली. आपलं बोलणं चुकलं, की यांचे कान?

"आजोबा, ऐकलं नाहीत का?" तिने म्हाताऱ्या सांबराला विचारलं.

"ऐकलं गं. पण हे गुडघे टेकडी चढतील का?"

हरिणी म्हणाली, "पाडसाला सोडून एवढ्या लांब कशी जाऊ?"

सशाची पिल्लं म्हणाली, "नासलं म्हणजे काय? गोडच तर लागतं!"

निरोप एक, उत्तरं तीन! गोंधळलेली साळुंकी कासवाकडे परतली. "आता मी काय सांगू?"

"मला पाण्यातलं कळतं," कासव म्हणालं. "त्यांचं म्हणणं तूच ऐकून आलीस."

मग उंच उडून साळुंकीने टेकडीला वळसा घालणारी सोपी वाट शोधली. त्या वाटेने सांबर सावकाश निघालं आणि त्याच्या चालीने हरिणीचं पाडसही. पिल्लांना तिने काठावरचे मेलेले मासे दाखवले.

पिल्लांनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि सगळ्यांच्या आधी झरा गाठला.